मॉरिसचा पंप काढायचा का? युद्धाआधीच्या स्वस्त गाड्यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात आमच्या गावापासून करू. लोणी काळभोर. तुकोबांची पालखी पुणे सोडल्यावर जिथे मुक्कामाला येते ते गाव. आणि पुण्यातले टँकर जिथून पेट्रोल भरून निघतात तेही हेच गाव. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी सोलापूर रोडवर अशाच टँकरच्या रांगेत आमची १९३६ ची मॉरिस एट अडकली होती. शेजारच्या बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर केली आणि अपेक्षित प्रश्न टाकला, "दादा, किती देते?"

मी म्हटलं, "अॅव्हरेज विचारू नका, त्रास देत नाही एवढंच बघा."

हे अर्थात खोटं होतं.

ही गाडी आम्ही तीन मित्रांनी मिळून घेतली. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एका नव्या बुलेटएवढे पैसे आले. जुनी मोटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजेमहाराजे येतात. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला बाहेर येते, लोक फोटो काढतात, आणि ते योग्यच आहे. पण युद्धाआधी या देशात फक्त महाराजांच्याच गाड्या होत्या का? डॉक्टर, वकील, कंत्राटदार, बागाईतदार कशातून फिरत होते? त्यांच्या गाड्यांना राजवाडा मिळाला नाही. गोठ्याशेजारची शेड मिळाली. आजचा भाग त्या गाड्यांवर आहे.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. जाणकार मंडळी 'व्हिंटेज' म्हणतात ते १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना. आपल्या सरकारच्या लेखी मात्र ५० वर्षांपेक्षा जुनी झाली की व्हिंटेज. आमची मॉरिस पहिल्या व्याख्येत बसत नाही, दुसऱ्या व्याख्येत आरामात बसते. 'युद्धाआधीची' म्हणजे १९३९ च्या आधीची, एवढं धरून चालू.

स्वस्त मोटार ही कल्पना अमेरिकेत हेन्री फोर्डने रुजवली. १९०८ साली मॉडेल टी ८५० डॉलरला होती, १९२५ पर्यंत ती २६० डॉलरवर आली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बनल्या. या गाडीत पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी सीटखाली आणि पेट्रोल उतारानेच इंजिनात जायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं की दिवेघाटासारख्या खड्या चढावर ते पुढे पोचायचंच नाही. मग लोक काय करायचे? गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे!

इंग्लंडमध्ये १९२२ साली ऑस्टिन सेव्हन आली. हर्बर्ट ऑस्टिनने घरातल्या बिलियर्ड खोलीत बसून ती आखली. सोबत ड्रॉइंग करायला कोण होता? स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा पोरगा. आपण त्या वयात इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट काच लावून कॉपी करत होतो. पुढे बीएमडब्ल्यूने मोटारी बनवायला सुरुवात केली तीसुद्धा याच ऑस्टिनच्या परवान्यावर.

आणि १९३५ मध्ये आली मॉरिस एट. ९१८ सीसी, तीन गिअर, सहा व्होल्टची बॅटरी, सर्वांत स्वस्त मॉडेल ११८ पौंडांना. मॉरिसवाल्यांनी फोर्डची छोटी गाडी आणून खोलून बघितली आणि तिच्यावरून आपलं इंजिन बेतलं, असं सांगतात. म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग काही आपल्या पिढीने शोधलेलं नाही.

आता मुंबईत येऊ. १९२६ मध्ये फोर्डने मुंबईत आपली भारतीय कंपनी काढली, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. भाग बाहेरून यायचे, जोडणी इथे व्हायची. इंग्रजांचं राज्य असून आपल्याकडे चलती अमेरिकन गाड्यांची जास्त होती. कारण साधं होतं. इंग्लंडात इंजिनाच्या सिलिंडरच्या रुंदीवरून कर ठरायचा, म्हणून तिकडची इंजिनं बारकी. आपले रस्ते खडीचे, नाहीतर नुसते धुळीचे. त्यावर दणकट इंजिन आणि जमिनीपासून उंच गाडीच टिकायची.

मग रस्त्यांचं काय करायचं? १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली, अध्यक्ष मुकुंदराव जयकर. हो, तेच. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आपण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागा पकडायचो. समितीने सुचवलं की पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्या आणि तो पैसा रस्त्यांवर खर्च करा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पंपावर आजही आपण रस्त्यांसाठी उपकर भरतो, त्याचं मूळ या दोन आण्यांत आहे.

मग युद्ध आलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं. काही मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसली, बाकीच्या शेडमध्ये गेल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाड्या इथेच बनवा. १९५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. देशाच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेलही, पण गाडीमालकाचे सुट्या भागांचे दिवस संपले.

इथून या गोष्टीचा खरा नायक सुरू होतो. तो म्हणजे मिस्त्री. विलायतेत जुन्या गाड्या क्लबांनी जगवल्या, मासिकं काढून, भाग पुन्हा बनवून. आपल्याकडे त्या लेथवाल्यांनी जगवल्या. पिस्टन दुसऱ्याच गाडीचा आणून मापात उतरवला. गॅस्केट कापून केलं. जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी काहीबाही उचललं आणि बसवलं. कागदावर काहीच नाही, सगळं हातात.

आमच्या मॉरिसच्या इंजिनाला मुळात पाण्याचा पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार पाणी खाली येतं, एवढ्यावर इंजिन थंड राहायचं. इंग्लंडच्या हवेत ते चालून जातं. आपल्याकडे मे महिन्यात चढ लागला की रेडिएटरची चहाची किटली होते. तर कोणीतरी, बहुधा साठच्या दशकात, आमच्या गाडीला एक छोटा पंप बसवलाय. ब्रॅकेट हाताने घडवलेलं, त्यावर छिन्नीने खूण केलेली. कोणी केलं, माहीत नाही. आम्ही ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या आजोबांना एवढंच आठवतं, की "पंप बसल्यावर गाडी जेजुरीला न थांबता जायची."

आता पेच ऐका. गाडीच्या आरसीची मुदत पुढच्या वर्षी संपते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,०००. एमएचनंतर 'व्हीए' अशी अक्षरं असलेली नंबरप्लेट मिळते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल यासाठीच ती रस्त्यावर आणायची. आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको.

मग आमचा पंप काय? दुरुस्ती की फेरफार?

आम्हा तिघांत यावरून दोन आठवडे वाद चालला. एक म्हणतो, काढून टाकू, कागद स्वच्छ राहतील. दुसरा म्हणतो, काढून डिकीत ठेवू, तपासणी झाली की परत लावू. हडपसरच्या आमच्या मिस्त्रीकाकांना विचारलं तर ते हात पुसत म्हणाले, "काढा की. मग घाटात ढकलायला मला बोलवू नका."

मला नियम चुकीचा वाटत नाही. तो नसेल तर कुणीही जुन्या सांगाड्यात नवं डिझेल इंजिन कोंबून व्हिंटेज म्हणून मिरवेल. पण 'मूळ' म्हणजे फक्त ऑक्सफर्डजवळच्या कारखान्यातून निघालं ते? ही गाडी तिथे काही दिवस होती. आपल्याकडे ती ऐंशी वर्षं आहे. त्या पंपाशिवाय ती भंगारात गेली असती आणि तपासायला काही उरलंच नसतं.

तेवढ्यात दुसरा प्रश्न आलाच. ई-२० पेट्रोल. आमच्या गावच्या डेपोतच इथेनॉल मिसळून टँकर बाहेर पडतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर आणि बूच खातं. म्हणून आम्ही पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या. काकांनी कार्बोरेटरचा खालचा नट थोडा फिरवून मिश्रण दाट केलं. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, हा नियम केला. म्हणजे बघा, आम्हीसुद्धा तेच केलं जे साठ वर्षांपूर्वी त्या अनामिक मिस्त्रीने केलं होतं. परिस्थिती बदलली, गाडीला थोडं बदललं.

शेवटी ठरलं असं. पंप काढायचा नाही आणि लपवायचाही नाही. अर्जासोबत त्याचे फोटो आणि तो का बसवला याचं एक पान जोडायचं. ठरवू दे समितीला. नाही म्हणाले तर नेहमीच्या नूतनीकरणाचा मार्ग बघू.

तुमच्या गावात एखादी अशी गाडी शेडमध्ये असेल तर तिचा फोटो काढालच. पण त्याआधी ती जगवणाऱ्या मिस्त्रीकडे जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "काका, हे कसं केलंत?" आमच्या पंपावर एक खूण आहे, पण ती कोणाची हे सांगणारं आता कोणी नाही.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा. आमची तर तशीच चालते.