सूत्र कोणाच्या हाती?

घराची दुरुस्ती काढायची ठरली की मराठी घरात पहिला प्रश्न येतो तो ‘मिस्त्री कोण बघायचा?’ हा. ‘आर्किटेक्ट कोणता नेमायचा?’ हा प्रश्न बहुधा नंतर येतो. तोही ‘नकाशा पास करून घ्यावा लागेल’ असे कोणीतरी सांगितल्यावर. मी वास्तुकला शिकलेलो नाही, अभियंताही नाही. जुनी घरे पाहण्याचा आणि बांधकामाचे कायदे वाचण्याचा नाद मात्र मला पंचवीसएक वर्षे आहे. आर्किटेक्ट आपल्या घरात आला तो नेमका कोणत्या कामासाठी, आणि ते काम त्याच्याकडून आपण कधी करून घेतले का, हा प्रश्न या नादातूनच उभा राहिला.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘सुतार’ हा शब्द संस्कृतातील ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला. सूत्र म्हणजे मापाची दोरी. ती ज्याच्या हाती, तो केवळ लाकूड तासणारा नव्हता. खांब कुठे उभा राहील, तुळई किती लांब जाईल, हे ठरवणाराही तोच होता. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून, म्हणजे उस्ताद या अर्थाच्या शब्दावरून आपल्याकडे रुळला. दोन्ही शब्दांत आखणे आणि बांधणे ही कामे वेगळी काढलेली नाहीत.

घरमालक आणि कारागीर यांना जोडणारी एक भाषा होती, ती ‘खणां’ची. दोन खांबांमधले, दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. ‘ओसरी पाच खणांची, माजघर तीन खणांचे’ एवढे म्हटले की घराचा आकार, लागणारे लाकूड आणि खर्चाचा अंदाज दोघांनाही कळत असे. मुलाचे लग्न ठरले, घर अपुरे पडू लागले, तर ‘मागे दोन खण वाढवू’ असे म्हणायचे. लाकडाची लांबी आणि ताकद या मापात आधीच धरलेली होती, त्यामुळे घरमालकाच्या हौसेलाही आपोआप मर्यादा पडे. कागदावरचा नकाशा नव्हता तो अडाणीपणामुळे नव्हे. नकाशाचे पुष्कळसे काम बोलण्यातच होऊन जात होते.

आर्किटेक्टची आजची कल्पना आली इंग्लंडातून. जॉन सोन या लंडनच्या वास्तुविशारदाने 1788 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात या व्यवसायाची जी व्याख्या केली, ती मला आजही महत्त्वाची वाटते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आर्किटेक्टने आराखडा आणि अंदाजपत्रक करावे, कामावर देखरेख ठेवावी, झालेले काम मोजून त्याचे मोल ठरवावे, तो मालक आणि कारागीर यांच्यामधला माणूस आहे. मालकाचे हित त्याने पाहायचे आणि कारागिराचा हक्कही राखायचा. म्हणूनच जो घर आखतो, त्यानेच ते बांधण्याचा ठेका घेऊ नये, असा आग्रह पुढे या व्यवसायात रुजला. 1834 साली लंडनला वास्तुविशारदांची संस्था स्थापन झाली, तीही हा वेगळेपणा जपण्यासाठीच. मोबदला बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीत घेण्याची प्रथा मात्र त्या व्यवसायाला कायमची चिकटली. खर्च जितका वाढेल तितकी आपली फी वाढणार, आणि त्याच माणसाने मालकाचा खर्च आटोक्यात ठेवायचा, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले. तेथे वास्तुकलेचे रीतसर शिक्षण आकाराला आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. तेथून शिकून बाहेर पडलेल्यांनी 1917 साली आपली संघटना स्थापन केली. गेटवे ऑफ इंडियाचे रचनाकार जॉर्ज विटेट हे तिचे पहिले अध्यक्ष. हीच संघटना 1929 साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. पण या मंडळींपुढे प्रामुख्याने सरकारी इमारती, बँका, कचेऱ्या आणि धनिकांचे बंगले होते. गिरगावातल्या चाळीत मोरी फिरवायची किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्याची तुळई बदलायची, तर त्यांच्या दाराशी कोण जाणार?

सामान्य घरमालक कागदाकडे वळला तो कायद्यामुळे. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने नव्या बांधकामाची सूचना आयुक्तांना देणे बंधनकारक केले. एवढेच नव्हे, तर असलेल्या इमारतीत भर घालण्यासाठी, बदल किंवा विशिष्ट दुरुस्त्या करण्यासाठीही स्वतंत्र कलम घातले. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि कोंदट खोल्या हा सरकारच्या चिंतेचा विषय झाला. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खिडकी किती मोठी, चौक किती मोकळा, संडास कुठे, हे आता शेजाऱ्याच्या आणि शहराच्याही हिताचे प्रश्न ठरले. ते रास्तच होते. परंतु त्यातून जो नवा माणूस घरमालकाच्या आयुष्यात आला, तो होता परवानगीचा नकाशा काढून देणारा. सोनने वर्णिलेल्या कामांपैकी एकच काम, म्हणजे आराखडा, तेवढे आपण उचलले. देखरेख, मोजमाप आणि मधल्या माणसाची निष्पक्षता मागेच राहिली.

मध्यमवर्गाला घराबद्दल सल्ला हवा होता, हे मात्र नक्की. 1937 साली आर्किटेक्टांच्या याच संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घरा’चे प्रदर्शन भरवले. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी तीसच्या दशकात मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवर पुस्तके लिहिली. त्यांचे ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ 1939 साली आले. आर्किटेक्टची फी ज्याला जड वाटे, त्याला असे पुस्तक परवडे. पुस्तकातला नकाशा मिस्त्रीपुढे धरायचा आणि ‘असे करा’ म्हणायचे. पण पुस्तक कामावर येऊन भिंत ओळंब्यात आहे का ते पाहू शकत नाही. ती जबाबदारी पुन्हा मालकाच्या डोळ्यांवर आणि मिस्त्रीच्या सचोटीवरच आली.

स्वातंत्र्यानंतर 1972 साली आर्किटेक्ट कायदा झाला आणि नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्यास बंदी आली. येथे एक बारकावा आहे. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा कायदा उपाधीला संरक्षण देतो. इमारतीची रचना करण्याच्या कामाला तो इतरांसाठी मनाई करत नाही. म्हणजे घराचे आराखडे दुसरे कोणीही करू शकेल, फक्त त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. 1989 च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांनुसार नोंदणीकृत आर्किटेक्टला कमिशन किंवा भेटी घेण्यास मनाई आहे. फरश्या, नळ, प्लायवूड यांच्या खरेदीवर टक्का खाण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नियमाचे मोल सांगायला नको. हे बंधन त्या उपाधीसोबत येते. उपाधीबाहेरच्या माणसावर ते नसते.

हा सारा प्रपंच शहरी हौसेचा आहे, असे कोणाला वाटेल. त्यासाठी किल्लारीकडे पाहावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक घरे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली. माळवद गळू नये म्हणून त्यावर मातीचे नवे थर चढत गेले. म्हणजे वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीनेच छताचे ओझे वाढवले होते. भिंतीची दोन तोंडे एकमेकांना बांधणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. कित्येक ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. सुताराचे सूत्र टिकले होते. दगडी भिंत रचण्याची शिस्त मात्र हरवली होती, आणि ते कोणाच्या लक्षात आणून देणारा माणूस गावात नव्हता.

पुढे जे झाले, ते मला घरदुरुस्तीच्या इतिहासातले मोठे पान वाटते. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात लाखाहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करण्यात आली. घरमालक स्वतः काम करवून घेत. शासन आर्थिक साहाय्य देई आणि अभियंते सल्ला देत. गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले. गावोगावी स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून लोक आणि यंत्रणा यांच्यात दुवा साधण्यात आला. सोनचा मधला माणूस आर्किटेक्ट ही पाटी न लावता मराठवाड्यातल्या खेड्यात प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर अवतरला.

आज घराची दुरुस्ती काढणाऱ्याला या इतिहासातून तीन प्रश्न मिळतात. आर्किटेक्ट नेमताना तो फक्त नकाशा देणार की कामावर येऊन पाहणार? ठेकेदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी काम कोण मोजणार? आणि आखणाऱ्याला पैसे फक्त आपल्याकडून मिळणार, की दुकानदाराकडूनही? उत्तरे कामाला सुरुवात होण्याआधी, लेखी घ्यावीत. फ्लॅटमधली दोन खोल्यांमधली भिंत काढण्याचा हट्ट मालक धरतो, मिस्त्री ‘होऊन जाईल’ म्हणतो, आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला कोणी विचारत नाही. त्या क्षणी ‘नाही’ म्हणू शकणारा तिसरा माणूस हवा असतो. खणाच्या मापात तो ‘नाही’ आपसूक होता. सिमेंट आणि लोखंडाने ती मर्यादा पुसली. आता तो शब्द उच्चारण्यासाठी माणूसच नेमावा लागतो, आणि त्याची फी आपण देतो ती मुख्यतः याच एका शब्दासाठी.