सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन
‘सीआरपी’ या संक्षेपाने ओळखले जाणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे यकृतात तयार होणारे प्रथिन विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात आढळले. न्यूमोकॉकस जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या शर्करामय घटकाशी ते संयोग पावते, यावरून त्याला हे नाव पडले. संसर्ग, भाजणे, शस्त्रक्रिया वा अपघाती इजा यांपैकी कशानेही दाह सुरू झाला, की प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक रेणू सोडतात आणि त्याच्या प्रभावाने यकृत काही तासांतच हे प्रथिन वाढवू लागते. परंतु त्याची पातळी कळसाला पोहोचते ती साधारणतः ४८ तासांनी. म्हणूनच स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात ४८ तासांनंतर दर लिटरमागे १५० मिलिग्रॅमहून अधिक पातळी हे आजार गंभीर वळण घेत असल्याचे चिन्ह मानतात, आणि दाखल होतानाचा आकडा कमी आला एवढ्यावरून रुग्ण निर्धोक ठरवणे घातक होय. मात्र हे प्रथिन दाहाची तीव्रता सांगते, कारण सांगत नाही. शिवाय प्रतिकारक्षमता टिकून आहे की नाही, हेही त्यावरून कळत नाही; त्यासाठी वेगळी खूण पाहावी लागते. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरील एचएलए-डीआर हा रेणू, जो जंतूंचे अंश टी-पेशी या प्रतिकारपेशींपुढे मांडतो, मोठ्या जखमेनंतर कित्येक दिवस घटलेलाच राहिला, तर प्रतिकारक्षमता खचल्याचे व नव्या संसर्गाचा धोका वाढल्याचे त्यातून कळते.