कृष्णाकांठची वाई

महाबळेश्वराकडे जाणारा प्रवासी वाईस सहसा मुक्काम करीत नाहीं. पसरणीचा घाट चढतांना मागें वळून पाहिलें म्हणजे खालीं कृष्णेचें पात्र, देवळांचीं शिखरें आणि दाट झाडी दृष्टीस पडते. 'गांव टुमदार आहे' एवढा अभिप्राय देऊन तो पांचगणीच्या थंड हवेचा विचार करूं लागतो. प्रस्तुत लेखकानेंही अनेक वर्षें तसेंच केलें. थेम्सकांठच्या गांवांचीं वर्णनें पाठ करून पदवी मिळविणाऱ्यांस आपल्या नदीकांठच्या गांवाकडे इतिहास म्हणून पाहण्याची दृष्टि उशिरांच यावी, यांत नवल नाहीं. परंतु वाईसंबंधीं एक प्रश्न एकदां मनांत आला, तो पुढें सुटेना. ज्यांच्या द्रव्यावर हें गांव उभें राहिलें त्यांची सत्ता लयास गेली. तरीही गांव निस्तेज कां झालें नाहीं?

वाईस राजधानीचा मान कधीं मिळाला नाहीं. तथापि घाटमाथ्याची वाट तिच्याजवळून जात असल्यामुळें सत्तेचें लक्ष तिच्यावर नेहमींच असे. विजापूरकरांच्या अमलांत येथें सुभा होता व अफझलखान त्याचा सुभेदार होता. १६५९ सालीं प्रतापगडाकडे जाण्यापूर्वीं त्याचा तळ वाईसच पडला होता. ह्या संकटाचें निवारण व्हावें म्हणून कृष्णामाईस नवस बोलले गेले आणि त्यांतून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी वाईकरांची परंपरागत समजूत आहे. हिवाळा सरतां सरतां हा उत्सव अद्यापि होतो. त्याची मौज अशी कीं, तो साऱ्या गांवाचा मिळून एकच नसतो. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह व गंगापुरी अशा सात घाटांवर तो पाळीपाळीनें साजरा होतो. नदी एकच, परंतु प्रत्येक आळी तिला आपल्या दारीं पाहुणी म्हणून बोलावते. गांवाचा स्वभाव ह्या एका चालीरीतींत जितका दिसतो, तितका तो शिलालेखांतही सांपडावयाचा नाहीं.

वाईचें आजचें दगडी रूप मात्र पेशवाईंतलें आहे, आणि त्याचें श्रेय मुख्यत्वें रास्ते घराण्याचें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्या रास्त्यांच्या कन्या. ह्या सोयरिकीमुळें आलेलें वैभव रास्त्यांनीं नदीकांठीं ओतलें. काशीविश्वेश्वराचें देऊळ १७५७ चें. गणपतराव रास्त्यांनीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ चें. ह्या दुसऱ्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराप्रमाणें निमुळती केली आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळून दुभंगतें आणि दोहों बाजूंनीं निघून जातें. बांधणाऱ्यानें नदीशीं वैर केलें नाहीं. तिला वाट करून दिली. गांवापासून जवळच मेणवलीस नाना फडणविसांनीं वाडा व घाट बांधला. तेथील देवळांतली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली म्हणून दाखवितात. मेणवलीचा घाट आजच्या पिढीनें २००४ च्या 'स्वदेस' ह्या हिंदी चित्रपटांत पाहिला. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र मेणवली म्हटलें कीं नानांचें दप्तर आठवतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. अशा प्रसंगीं आश्रयावर जगणाऱ्या गांवाचें काय होतें, हें आपल्याकडील पुष्कळ ओसाड वाडे सांगतात. वाईचें तसें झालें नाहीं, कारण घाटांबरोबर तेथें शास्त्राध्ययनाची परंपराही रुजली होती, आणि तिला चालविण्यास तालेवार धन्यापेक्षां चिकाटीचा गुरु अधिक उपयोगी पडे. नारायणशास्त्री मराठे हे असे गुरु होते. १९३१ सालीं संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. त्यांच्या प्राज्ञपाठशाळेची कीर्ति ऐकून १९१७ सालीं तरुण विनोबा भावे अध्ययनासाठीं वाईस येऊन राहिले होते. पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी येथेंच शिकले व पुढें तर्कतीर्थ म्हणून विख्यात झाले.

येथें एक कटु गोष्ट टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या घाटांची आपण वाखाणणी करतों, त्यांच्या पायऱ्या बांधतांना सर्व माणसें बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें नव्हतीं. त्या काळच्या रूढीनें पाण्याच्याही वाटा जातवार ठरविल्या होत्या, आणि पाठशाळांचीं दारेंही बहुतांशीं एकाच वर्णास उघडीं असत. वाईच्या विद्येची खरी कसोटी येथेंच लागली. अस्पृश्यतेस शास्त्राधार नाहीं, हें शास्त्राच्याच भाषेंत सांगण्यासाठीं तर्कतीर्थ गांधीजींच्या पाठीशीं उभे राहिले. १९३३ सालीं पुण्यांत देवदास गांधी व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचें पौरोहित्यही त्यांनींच केलें. एका माणसाच्या धैर्यानें शतकांचें ऋण फिटत नाहीं, हें खरें. परंतु जुन्या विद्येंतूनच जुन्या अन्यायाविरुद्ध साक्षीदार उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

ह्याच परंपरेंतून ग्रंथांचा प्रचंड उद्योग वाढला. धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ सालीं निघाला. पुढें महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी विश्वकोशाचें काम तर्कतीर्थांच्या नेतृत्वाखालीं वाईस सुरू झालें व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. मुंबई-पुणें सोडून साऱ्या जगाचें ज्ञान मराठींत आणण्याचें कार्य ह्या लहानशा गांवीं कां बसलें, ह्याचें उत्तर केवळ एका विद्वानाच्या वास्तव्यांत नाहीं. ज्या गांवास वर्षानुवर्षें एकाच पोथीवर मान घालून बसण्याची संवय आहे, तेथेंच असें काम तडीस जातें.

आतां वाईच्या वरच्या अंगास धोमचें धरण झालें आहे. कृष्णा पूर्वीसारखी स्वेच्छेनें येत नाहीं. बरीचशी हिशेबानें सोडली जाते. तिचें पाणी शेतांस मिळालें, ह्याचा विषाद कोणी करूं नये. परंतु घाटावर बसून संथ, उथळ पाण्याकडे पाहतांना मनांत येतें कीं, ह्या गांवाला आजवर दोन गोष्टींनीं तारलें: वाहत्या नदीनें आणि न थकणाऱ्या अभ्यासानें. पहिली गोष्ट आतां बव्हंशीं पाटबंधारे खात्याच्या हातीं आहे. दुसरी अजून वाईकरांच्या, आणि त्यांचे ग्रंथ उघडणाऱ्या आपणां सर्वांच्या, हातीं आहे. पुढच्या खेपेस पसरणीचा घाट चढण्यापूर्वीं वाचकांनीं एक दिवस वाईस काढावा; सातही घाट पायीं हिंडून पाहावेत; आणि घरीं परतल्यावर विश्वकोशाचा एखादा खंड उघडावा. तो कोणत्या मातींत तयार झाला, हें मग वेगळें सांगावें लागणार नाहीं.