एका विणकर-कुटुंबाचा कागदोपत्रीं माग

पोलादाच्या धंद्यामुळें व ग्रंथालयांना दिलेल्या देणग्यांमुळें अँड्र्यू कार्नेगी हें नांव जगाला ठाऊक आहे. त्याचा बाप विल्यम मात्र फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. स्कॉटलंडांत डनफर्मलाइन गांवीं तो हातमागावर दमास्क कापड विणीत असे. वाफेवर चालणारे माग आले आणि त्याच्या हातचें काम गेलें. तेव्हां १८४८ च्या मे महिन्यांत बायको मार्गारेट व दोन मुलगे यांसह तो ग्लासगोहून 'विस्कॅसेट' जहाजानें अमेरिकेस निघाला. प्रवासखर्चांत वीस पौंड कमी पडत होते, ते मार्गारेटच्या एका मैत्रिणीनें उसने दिले. जहाज सात आठवडे समुद्रावर होतें.

अशा कुटुंबाचें मूळ शोधावयाचें झाल्यास स्कॉटलंडइतका सोयीचा देश विरळा. १ जानेवारी १८५५ पासून तेथें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. मृत्यूच्या नोंदींत मयताच्या आईबापांचीं नांवें, आईच्या माहेरच्या आडनांवासह, लिहिण्याचा प्रघात असल्यानें एका कागदाच्या आधारें एक पिढी मागें जातां येतें. त्यापूर्वीं आधार तो गांवोगांवच्या चर्चमधील वह्यांचा. पर्थ परगण्यांतील एरल येथील वही तर १५५३ पासूनची आहे. परंतु या वह्यांवर डोळे मिटून विसंबणें धोक्याचें. १७८३ सालीं सरकारनें प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसविला. तो १७९४ पर्यंत चालला व तेवढीं वर्षें पुष्कळांनीं नोंद करविण्याचें टाळलें. गरिबानें ते तीन पेन्स पोटासाठीं राखले, तर त्यास दोष कोण देईल? पुढें १८४३ मध्यें चर्चांत फूट पडली आणि अनेक घरांचीं मुलें जुन्या वहींतून नाहींशीं झालीं.

वहीनें दगा दिला तर नांवें वाट दाखवितात. थोरल्या मुलास बापाच्या बापाचें व दुसऱ्यास आईच्या बापाचें नांव ठेवण्याचा स्कॉच रिवाज आहे. मराठी श्रोत्यांस तो नवखा वाटणार नाहीं. अँड्र्यूचा आजा अँड्र्यू, आणि आईचा बाप टॉमस मॉरिसन; म्हणूनच धाकटा भाऊ टॉम. अर्थात् रिवाज म्हणजे पुरावा नव्हे.

खानेसुमारीच्या बाबतींत या कुटुंबाचें दैव आडवें आलें. १८४१ च्या गणतींत मोठ्या माणसांचीं वयें पांचाच्या पटींत खालीं आणून लिहीत, आणि जन्म त्याच परगण्यांतला कीं नाहीं एवढेंच विचारीत. जन्मगांव विचारलें गेलें तें १८५१ सालीं. तोंवर विणकर समुद्रापार पोहोंचला होता. अमेरिकेच्या १८५० च्या खानेसुमारींत घरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव प्रथमच टिपलें गेलें. पण परदेशीयाच्या जन्मस्थानापुढें केवळ देशाचें नांव! 'स्कॉटलंड' एवढ्या एका शब्दावरून डनफर्मलाइन कसें सांपडावें?

पिट्सबर्गजवळच्या ॲलेगनी गांवीं विल्यम टेबलावर घालावयाचीं वस्त्रें विणी व दारोदार जाऊन विकी. १८५५ सालीं तो तेथेंच वारला. त्याच वर्षीं स्कॉटलंडांत सरकारी वही उघडली होती, आणि तिच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी पुढच्या वर्षांपेक्षां अधिक सविस्तर आहेत. तो मायदेशीं मरता तर त्याच्या आईबापांचीं नांवें तींत लिहिलीं जातीं. पेनसिल्व्हेनियांत राज्यभर मृत्यूंची नोंद सुरू व्हावयास १९०६ साल उजाडावें लागलें.

त्यामुळें बापाच्या अखेरच्या दिवसांसाठीं मुलाच्या आत्मचरित्राकडेच वळावें लागतें. तें अँड्र्यूच्या मरणानंतर, १९२० मध्यें, प्रसिद्ध झालें. त्यांत ओहायो नदीवरील आगबोटीचा एक प्रसंग आहे: विणलेला माल विकावयास सिनसिनाटीकडे निघालेला विल्यम, खोलीचें भाडें वांचावें म्हणून, उघड्या डेकवरच रात्र काढावयाच्या बेतांत मुलास भेटला होता.