निबंधाचे गुण पुन्हा तपासून मागता येतात का? एका जुन्या भांडणाची गोष्ट

मंडळी, आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातूनही पोरं अमेरिकेला एमएस, एमबीएला जातात. आपण पेढ्याच्या फोटोसकट बातमी छापतो. पण त्याआधी जीआरई, जीमॅट अशा परीक्षा असतात. त्यातल्या निबंधाला कमी गुण पडले तर दाद मागता येते का, असं पालक मला विचारतात. उत्तर नीट कळायला जरा मागे जावं लागेल.

१८८८ साली इंग्लंडमध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने लॅटिनचा एकच पेपर २८ परीक्षकांनी तपासल्याचा हिशोब मांडला. सगळ्यात कमी गुण ४५, सगळ्यात जास्त १००. पेपर तोच! १९६१ साली अमेरिकेतल्या ईटीएस या परीक्षा संस्थेने ३०० निबंध ५३ जाणकारांकडून ९ श्रेणींत तपासून घेतले. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. म्हणजे कुणी लबाडी करत नव्हतं, प्रत्येकाची नजरच वेगळी होती.

म्हणूनच पर्यायी प्रश्नांची पद्धत फोफावली. १९५४ साली सुरू झालेली जीमॅटही याच वळणाची. पण गोल काळे करून माणसाला मुद्दा मांडता येतो का, हे कळत नाही. अखेर ऑक्टोबर १९९४ मध्ये जीमॅटमध्ये निबंध आला, गुण ० ते ६. प्रत्येक निबंध दोघे वाचणार, दोघांत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तिसरा वाचणार. जुन्या भांडणावर काढलेला हा तोडगा चांगलाच होता.

१९९९ पासून दोघांपैकी एका वाचकाची खुर्ची ई-रेटर नावाच्या संगणक प्रणालीने घेतली. काम झटपट, खर्च कमी. पण एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक प्रोग्राम बनवला. तो जडजड शब्दांचे, पण शून्य अर्थाचे निबंध लिहायचा. असल्या निबंधांनाही यंत्राने भरघोस गुण दिले.

या सगळ्यात विद्यार्थ्याला एक दार होतं, फेरतपासणीचं. जीमॅटच्या निबंधासाठी ४५ डॉलर भरायचे, परीक्षेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. गुण वाढू शकत होते, तसे घटूही शकत होते, आणि जो निकाल येईल तो अंतिम. आपल्या घरात ४५ डॉलर म्हणजे किराण्याचा हिशोब बिघडतो, वर गुण घटायची भीती. त्यामुळे दार असूनही ढकलायची हिंमत किती जण करणार?

आता तर जीमॅटने निबंधच काढून टाकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी परीक्षा आली, ३१ जानेवारी २०२४ ला जुनी बंद झाली. जीआरईत मात्र एक निबंध उरलाय आणि शुल्क भरून त्याचे गुण पुन्हा तपासून मागता येतात. आधी नियम आणि मुदत वाचा. विद्यापीठ निबंधाच्या गुणांना खरंच किती महत्त्व देतं ते विचारा, मगच पैसे भरा.

आपल्याकडेही हे भांडण झालंच की. १९८४ साली महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियम उचलून धरला: गुणांची बेरीज पडताळा, पण पेपर पुन्हा तपासून मिळणार नाही. पुढे २०११ साली सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, माहिती अधिकारात विद्यार्थी स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहू शकतो. मधली २७ वर्षं पोरं बंद गठ्ठ्याकडे बघत बसली.

माझं म्हणणं एवढंच. तपासणाऱ्यांचं मत वेगळं पडणार, हे १८८८ पासून सिद्ध आहे. त्यामुळे फेरतपासणी मागणं म्हणजे परीक्षकावर आरोप नव्हे, तो विद्यार्थ्याचा साधा हक्क आहे. पण तो खरा तेव्हाच, जेव्हा पेपर बघायला मिळतो आणि शुल्क गरिबाला परवडतं. उद्या आपल्या बोर्डाचे निबंधही यंत्र तपासू लागलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: माझं लिहिलेलं एखाद्या माणसाने वाचलं का?

तुमच्या घरात कुणी गुण पुन्हा तपासून मागितले असतील तर अनुभव खाली लिहा. पुढच्या पोरांना उपयोग होईल.