अणूच्या अंतरंगातून आलेलं टपाल

कैद्याच्या टपालाच्या हक्काची कुळकथा सांगणारे बहुतेक जण अमेरिकेतून सुरुवात करतात. १९७४ साली वुल्फ विरुद्ध मॅक्डॉनल खटल्यात नेब्रास्का राज्याच्या तुरुंगाने सांगितलं, की वकिलाचं पाकीट आम्ही कैद्याच्या डोळ्यांदेखत फोडू, आत काही लपवलंय का ते पाहू, पण पत्र वाचणार नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला एवढं पुरेसं वाटलं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९२ मध्ये कॅम्पबेल खटल्यात आणखी पुढची रेघ ओढली: पाकीट फोडायलासुद्धा सबळ संशय हवा.

हे सगळं मान्य. पण आपल्याकडच्या शाखेचा मूळपुरुष मला भलत्याच जागी सापडला, मूलकणांवरच्या एका मराठी पुस्तकात!

प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. शासनाच्या परवानगीनेच त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक लिहिलं. सप्टेंबर १९६४ मध्ये हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली, आणि मार्च १९६५ मध्ये नकार आला. लिहायला हरकत नव्हती, धाडायला होती. आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांनीही नाहीच म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं.

सरकारचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक. स्थानबद्धतेच्या अटींचा १९५१ चा मुंबईचा आदेश म्हणजे स्थानबद्धाला काय काय मिळेल त्याची यादी. तीत पुस्तक छापायला पाठवणं नाही, म्हणून तो हक्कच नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी ही यादीच उलटी केली. तो आदेश सवलती देत नाही, बंधनं घालतो. ज्यावर बंधन घातलेलं नाही, ते माणसाजवळ शिल्लकच आहे. माझ्या मते कैद्याच्या पत्राचा हक्क इथे जन्मला.

कायद्याचे जाणकार यावर नाक मुरडतात. हस्तलिखित म्हणजे काही पत्र नव्हे, म्हणतात. खरं मूळ १८९४ च्या तुरुंग कायद्यात. त्याच्या ४० व्या कलमात आहेच, की खटला चालू असलेल्या कैद्याला आपल्या वकिलाला शक्यतो तिसरं कुणी हजर नसताना भेटता यावं. असेल. पण ते कलम भेटीचं. टपालाबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि शिक्षा झालेला कैदी तर त्यात येतच नाही.

माझ्या सिद्धान्ताचा एक पाय लंगडा आहे, हेही खरं. संझगिरींचं पुस्तक निरुपद्रवी ठरलं, कारण उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी त्याची अनुक्रमणिका चाळून पाहिली होती! म्हणजे धाडण्याचा हक्क मिळाला तो मजकूर उघडून दाखवल्यावर. न वाचू देण्याचा हक्क या घराण्यात नंतर आला, आणि माझा अंदाज असा, की तो १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन निकालातून आला. स्थानबद्ध असलेल्या या बाईंना वकिलाची भेट सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोरच घ्यावी लागे. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितलं, की अधिकाऱ्याने हवं तर नजर ठेवावी, पण बोलणं कानावर येईल इतक्या जवळ थांबू नये. नेब्रास्कातही तपासणाऱ्याच्या डोळ्यांना मुभा होती ती पाकिटापुरती. मजकूर त्याच्यासाठी बंद. कागदाचा नियम भेटीच्या खोलीला लागला, एवढाच फरक. निकालाचा विषय भेट होता, पत्र नव्हे, ही अडचण कुणी काढलीच तर मी विचारीन: वकिलाशी बोललेलं ऐकायचं नाही, मग तेच लिहिलेलं वाचायचं कोणत्या न्यायाने?

१८९४ च्या कायद्याने टपालाचा तपशील राज्यांच्या नियमावल्यांवर सोडला आहे. एखादी नियमावली वकिलाच्या पत्राबद्दल गप्प असेल, तर त्या मौनाचा अर्थ तुरुंगाच्या बाजूने लावायचा की कैद्याच्या, हा प्रश्न उरतोच. आणि तिथे सुब्बा रावांचा निकालच कामाला येतो.