बंब, बस आणि नगरपालिका

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा विषयही सोबतच आला होता: ‘पर्यावरण आणि आपली महापालिका’. पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात अलीकडे रुळला, पण त्यातली गोष्ट आपल्या सासूबाईंच्या न्हाणीघरातलीच आहे. तिथे तांब्याचा बंब असे. त्यात काटक्या, गोवरीचा तुकडा आणि नारळाची करवंटी जाई. राखेने भांडी घासली जात. न्हाणीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला मिळे, भाजीचे देठ गाईपुढे पडत. टाकून द्यावे असे घरात फारसे उरतच नसे. आपल्या गावाचे नावच चिंच आणि वड या दोन झाडांवरून पडले असे जुने लोक सांगतात, तेव्हा झाडांशी आमचे नाते सांगण्यास पुरावा शोधावयास नको.

परंतु त्या काळाचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्या काटकसरीची किंमत बाईच्या डोळ्यांनी आणि कमरेने मोजलेली होती. चुलीचा धूर तिच्या छातीत जाई आणि पाण्याची कळशी तिच्याच कडेवर असे. म्हणून नगरपालिकेने आपल्याला काय मदत केली हे पाहावयाचे, तर त्या काटकसरीपैकी काय टिकले आणि ओझे मात्र कुणाच्या अंगावरून उतरले, हे पाहावे लागेल.

पिंपरीचे रूप पालटले ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे. १९५४ साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. आकुर्डीत बजाजची स्कूटर आणि पलीकडे टेल्कोची मालमोटार, असे मोठमोठे कारखाने त्या दशकात उभे राहिले. गंमत अशी, की स्कूटरसाठी देशभर लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि ती स्कूटर बनविणारा कामगार पाळी संपल्यावर सायकलवर टांग मारून घरी जाई. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले होते. त्या सायकलीवर करही भरावा लागे, कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला चाकाजवळ लावावा लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस हटकत असे. आज पर्यावरण राखणाऱ्यास करात सूट मिळते. त्या काळी ते न कळत राखणाऱ्याकडून उलट करच घेतला जात होता!

४ मार्च १९७० या दिवशी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. ही नगरपालिका श्रीमंत म्हणून प्रसिद्ध झाली, आणि त्या श्रीमंतीचे कारण जकात हे होते. कारखान्यांसाठी येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात पडे आणि तिजोरी भरे. म्हणजे नळ, दिवे आणि रस्ते यांचा मोठा भार आपल्या घरपट्टीवर पडला नाही, तो कारखान्यांच्या मालाने उचलला. हे ध्यानात ठेवण्याचे कारण असे, की १९८२ साली महापालिका झाली, २०१३ साली जकात गेली, पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकेची स्वतःची वसुली म्हणून घरपट्टीचे महत्त्व वाढले. सवलतींचे सारे बोलणे आता तिच्याच भोवती फिरते ते त्यामुळे.

पाण्याची हकिगत थोडी विस्ताराने सांगावी लागेल. १९७०च्या दशकाच्या आरंभी मावळात पवना धरण उभे राहिले. धरणातून पाणी नदीत सोडावयाचे, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलावयाचे, निगडीला शुद्ध करावयाचे आणि नळाने घरोघर पोचवावयाचे, अशी ही व्यवस्था. नळ आला आणि कळशी फळीवर गेली. बाईच्या अंगावरचे सर्वांत जड ओझे उतरले ते या एका गोष्टीने. पण नळाबरोबर एक विसरही आला. पाणी नळातून येते असे आपण म्हणू लागलो, मावळातून येते असे म्हणेनासे झालो. शहराची लोकसंख्या १९९१ साली सुमारे ५ लाख होती, ती २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. धरण मात्र तेच राहिले. पाणी बंद नळाने थेट धरणातून आणण्याची योजना आखली गेली, तिला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तिघांचा बळी घेतला. त्यांत एक स्त्री होती. आपल्या न्हाणीघरात एक बादली अधिक ओतली जाते, ती कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून आलेली असते, हे त्या दिवशी शहराला कळावयास हवे होते. ते कितपत कळले याची मला शंका आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले आणि ही व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. पुन्हा पिंपे आली, पुन्हा वारांचा हिशेब आला आणि तो हिशेब ठेवण्याचे काम पुन्हा घरातल्या बाईकडेच आले. पावसाचे पाणी गच्चीवरून खड्ड्यात मुरविण्याची सक्ती नव्या बांधकामांवर आहे, परंतु कागदावर असलेले कितीतरी शोषखड्डे पहिल्या पावसातच गाळाने बुजतात. ते साफ करावे लागतात, हे इमारत बांधणारा सांगत नाही.

झाडांविषयी थोडक्यात. १९७५ साली राज्याने नागरी भागांतील झाडांसाठी कायदा केला. तेव्हापासून आपल्या अंगणातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. काहींना हा जाच वाटतो. माझ्या मते हा जाच फार बरा. निगडीच्या दुर्गादेवी टेकडीवर सकाळी फिरावयास जाणाऱ्या भगिनींना त्याचे अधिक सांगावयास नको.

कचऱ्याची कथा मोठी, पण तिचे मर्म एवढेच, की नगरपालिकेच्याही आधी कचरा वेगळा करणाऱ्या होत्या त्या कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांनी तिला आधार दिला, तेव्हा कुठे त्या श्रमाला नाव मिळाले. पिंपरी-चिंचवडच्या वेचक भगिनीही त्या संघटनेत आहेत. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करा, असे २०१६च्या केंद्रीय नियमांनी सर्वांस सांगितले. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओल्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी असेही सांगितले. मोशीच्या डेपोत कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. वीज होते हे चांगलेच. पण वीज होते म्हणून सारे एकत्र टाकून चालते, असा समज आपल्या काही शेजारणींचा झालेला दिसतो, तो चुकीचा आहे. ओले देठ जळत नाहीत, ते जाळावयालाच अधिक उष्णता खर्ची पडते. ते कुजवावेत, म्हणजे खत होते. सासूबाईंना हे ठाऊक होते.

आता बंबाकडे पुन्हा येऊ. बंबानंतर विजेचा गीझर आला, आणि गीझरनंतर गच्चीवरचे सौर पाणी तापविण्याचे यंत्र. काळ्या नळ्यांवर ऊन पडते, आतले पाणी तापून हलके होते व वर टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते. पंप नाही, ज्वाळा नाही, धूर नाही. शंभर लिटरचे असे यंत्र वर्षाला सुमारे दीड हजार युनिट वीज वाचविते असा सरकारी हिशेब आहे. पावसाळ्यात मात्र ते रुसते, हे मान्य करावयास हवे. अशी यंत्रे, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण करणाऱ्या घरांस महापालिकेने सामान्य करात पाच ते दहा टक्के सूट ठेवली. ‘गृह’ या राष्ट्रीय मानांकनात उतरणाऱ्या इमारतींना आणखी सवलती दिल्या. २०२४ साली केंद्राची सूर्यघर योजना आली, तिच्यात छपरावर एक किलोवॉटची वीजयंत्रणा बसविल्यास ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिकची बसविल्यास ७८ हजार रुपये अनुदान आहे.

हे सर्व उत्तम आहे. पण सूट कुणाला मिळते? ज्याच्या नावावर घर आहे त्याला. केवळ स्त्रीच्या नावे असलेल्या व ती स्वतः राहत असलेल्या घरास महापालिकेने सामान्य करात तीस टक्के सवलत दिलेली आहे. त्या निमित्ताने काही घरांच्या कागदावर प्रथमच बाईचे नाव चढले, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. (ज्यांच्या घरी अजून चढलेले नाही, त्यांनी हे वाक्य यजमानांना मोठ्याने वाचून दाखवावे.) तरीही चाळीत, पत्र्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या माळ्यावर भाड्याने राहणाऱ्या बाईला गच्ची नाही आणि घरपट्टीची पावतीही तिच्या नावाची नाही. ती पाणी जपून वापरते, पायी चालते, पिशवी पुन्हा पुन्हा धुऊन वापरते. आपल्यांत सर्वांत कमी जाळणारी तीच, आणि पावतीवर तिला काही मिळत नाही.

तिला मिळाली ती बस. म्हणून माझ्या मते या नगरपालिकेचे पर्यावरणाचे सर्वांत मोठे काम कोणते, तर १९७४ साली तिने स्वतःची बससेवा काढली हे. पुण्याची पी.एम.टी. १९५० पासून होती. नगरपालिका होऊन चारच वर्षे झालेली असताना या गावांनी आपली पी.सी.एम.टी. उभी केली. त्या वेळी पर्यावरणाचा उच्चारही कुणी केला नसेल. कामगार पाळीवर वेळेत पोचावा, एवढाच हेतू. १९७८ च्या मार्चमध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि बस व गाडी यांची जोडी जमली. पुरुष सायकलने कारखान्यात जाऊ शके, पण शाळा, बाजार, दवाखाना आणि माहेर अशी चार ठिकाणे एका दिवसात गाठणाऱ्या बाईला बसच हवी. तिच्यासाठी ही सेवा म्हणजे घराबाहेर पडण्याची मुभा होती.

पुढे २००७ मध्ये दोन्ही सेवा एक होऊन पी.एम.पी.एम.एल. झाली. २०१५ पासून आपल्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका आली. २०१८ च्या महिला दिनी खास स्त्रियांसाठी ‘तेजस्विनी’ बस सुटली आणि २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या बस धावू लागल्या. ६ मार्च २०२२ रोजी महापालिका भवनापासून फुगेवाडीपर्यंत मेट्रो आली, पुढल्या वर्षी ती शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचली. जुनी ओळखीची चेतक स्कूटरही आकुर्डीत परत आली. तिथले स्कूटरचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली होती, ते २०२२ साली विजेवर चालणाऱ्या चेतकच्या रूपाने पुन्हा सुरू झाले. मात्र कारखाने पुढे चाकणला सरकले, तसे आपले मुलगे आणि सुनाही तिकडे कामाला जाऊ लागल्या. चाकणला २०१५ साली नगरपरिषद झाली, पण कारखान्यांच्या वेगाने तिथे बस वाढल्या नाहीत. परिणाम असा, की एका मनुष्यामागे एक वाहन, आणि नाशिक रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची न हलणारी रांग.

आणि आता भाड्याचे. १ जून २०२५ पासून पी.एम.पी.एम.एल.चे किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले. इंधन महागले, पगार वाढले, दहा-अकरा वर्षे भाडे वाढविले नव्हते. ही कारणे खरीच आहेत. आपण गृहिणी आहोत, तेव्हा हिशेब मांडून पाहावा. किमान तिकिटाच्या अंतरात चार घरची धुणीभांडी करावयास जाणारी एखादी भगिनी घ्या. महिन्याचे सव्वीस दिवस, जाऊन येऊन दोन तिकिटे. पूर्वी २६० रुपये लागत, आता ५२० लागतात. वाढलेल्या २६० रुपयांत तिच्या घरी काही दिवसांचे दूध येते, म्हणून ती एक वेळ बसने जाईल आणि परतताना पायी येईल. सौरयंत्राच्या सवलतीसाठी महापालिकेत अर्ज आहे, करसंकलन कार्यालयात खिडकी आहे, मुदत आहे. बसने प्रवास करणारीसाठी असा अर्ज अजून छापलेला नाही.